सालुदचे बायानी

पोलिल्यो बेटावरच्या सालुदच्या घराकडे समुद्र रोज थोडा थोडा सरकत होता. वादळात त्यानं अंगण गिळलं. आता भरतीचं पाणी खांबांना लागायला लागलं. घर बांबूचं, झावळ्यांनी शाकारलेलं. खाली आडवे बांबू बांधून ते सगळंच्या सगळं उचलायचं आणि वर माडांच्या बागेत नेऊन ठेवायचं. पण उचलणार कोण? गावचे तरणे पुरुष लाकूडतोडीला गेलेले, आणि सालुदचा नवरा तापानं वारलेला.

ती गावप्रमुख कुलासकाकांकडे गेली.

"पुरुषमाणसं आली की बघू," ते म्हणाले.

"समुद्राला सांगू का तसं?"

"अगं, असल्या कामाला बायानी लागतात!" काकांनी चौकातल्या तलवारवाल्या पुतळ्याकडे बोट केलं. "तसे वीर. आहेत गावात?"

"तो शाळेतला अर्थ, काका. इर्जिकीला गाव जमलं की माझा आजा विचारायचा, आज बायानी किती आले? पैसा न घेता दुसऱ्याच्या कामाला खांदा देईल तो बायानी. तलवार कुणी मागितली?"

"मग आण तुझे बायानी!"

"आणतेच."

ती दारोदार फिरली. बिब्यांगच्या दारात मात्र तिचा पाय अडला. सालुदच्या डुकरानं तिचा मळा उकरल्यापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

बिब्यांगनं सगळं ऐकून घेतलं. "डुकराचं भांडण मी सोडलेलं नाही हां," ती म्हणाली. "बांबू कुठायत?"

सकाळी ओहोटीला बायका जमल्या. पहिल्यांदा घर जागचं हललंच नाही. सालुदनं जातं, खाट, तांदळाचा रांजण बाहेर काढला. पुन्हा जोर लावला. घर कुरकुरत उठलं आणि हेलकावे खात निघालं.

चढावर बिब्यांगचा पाय घसरला. कोपरा कलला, सगळ्या किंचाळल्या. लांबून बघत बसलेले कुलासकाका विडी टाकून धावले आणि बांबूखाली शिरले.

"या बायानी, या!" बिब्यांग धापा टाकत म्हणाली.

"तोंड मिट, खांदा दे!"

घर बागेत टेकलं तेव्हा एक खांब तडकला होता. सालुदनं नारळाच्या दुधातली खीर रांधली, सगळ्यांनी माडाखाली बसून ओरपली. त्यानंतर गावात कुणाचंही घर हलवायचं असलं की पहिलं बोलावणं सालुदला जाई. तिचं स्वतःचं घर मात्र थोडं तिरकंच राहिलं. त्यात ती म्हातारी झाली.