मैनाबाईनं भिंती पोतल्या

मध्य प्रदेशात, बालाघाटकडच्या कटंगीजवळच्या त्या खेड्यात मैनाबाईच्या घरासारखं स्वच्छ घर शोधून सापडायचं नाही. आणि त्याच स्वच्छतेनं बाईचा घात केला. आता दोष द्यायचा तरी कोणाला, सांगा!

घर मातीचं. दोन वर्षांमागं भिंतीतल्या उंदराच्या बिळातून मण्यार निघाली आणि खाली गोधडीवर निजलेल्या चार वर्षांच्या नातीला, श्रुतिकाला, डसली. पोर गेली. महिनाभरात मुलगा हेमराज बायकोला घेऊन नागपूरला कामावर निघून गेला. जाताना सून गीता एवढंच म्हणाली, "आई, घर पक्कं झालं का मी येईन. या मातीत आता लेकरू नाही निजवत." आता गीताला पुन्हा पाचवा महिना लागला होता. हे नातवंड तरी आपल्या घरात वाढावं, मैनाबाईला दुसरं काही नको होतं.

सरकार व्याजाचा वाटा उचलतं अशा घरकर्जाची माहिती हेमराजनं काढली. जागेच्या मालकीचा पट्टा मैनाबाईच्या नावावर, म्हणून अर्जही तिच्याच नावानं. मग काय, बाईची वणवण सुरू. पट्ट्याच्या नकलेसाठी पटवाऱ्याकडं जावं, तर पटवारी भेटायचा आणि शिक्का घरी राहिलेला असायचा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी पंचायत. बालाघाटला चार खेपा झाल्या. डब्यातला भात बँकेच्या पायरीवर बसून खाल्ला, पण बाईनं हूं की चूं केलं नाही. शेवटी बँकेतल्या बाई म्हणाल्या, "अब बस फोटो बाकी है. मंगलवार को हमारा आदमी घर देखने आएगा."

घरी माणूस येणार म्हटल्यावर मैनाबाई स्वस्थ बसते होय? दिवाळीला आणतात तशी तिनं खदानीतून छुई आणली, पांढरी माती. बिळं बुजवली, भेगा लिंपल्या, भिंती पोतून पांढऱ्या केल्या, अंगण शेणानं सारवलं. शेजारची मंजू म्हणाली, "काहून एवढी मरून राह्यली मावशी?"

"साहेब येऊन राह्यला ना वं. घाणेरडं घर पाहून कर्ज देईन का तो?"

मंगळवारी राकेश नावाचा बँकेचा माणूस आला. चारी बाजूंनी फोटो काढले, चहा घेतला. "अम्मा, घर तो चमका रखा है," म्हणाला. मैनाबाई दिवसभर खुशीत होती.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. घर सुस्थितीत, अर्ज नामंजूर.

हेमराज नागपूरहून धावत आला. मायलेक बालाघाटला गेले, तेव्हा हे कर्ज मोडकळीला आलेल्या घरांसाठीच असतं, असं सांगून बँकेतल्या बाईंनी ते फोटो दाखवले. पांढऱ्याशुभ्र भिंती, एक भेग दिसेल तर शपथ. मैनाबाई सांगत राहिली, आत बिळं आहेत, साप निघतो, माझी नात गेली. बाईंनाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण शेरा पडला होता. नवा अर्ज पुढच्या वर्षी.

परतताना बसमध्ये हेमराजनं एकदाच विचारलं, "आई, काहून पोतलं तू?" आपल्याच हातानं आपण नातवंडाची वाट बंद केली, हे तिला आतून खात होतं.

कटंगीला उतरल्यावर तो म्हणाला, "गीताचं बाळंतपण तिकडंच करतो आता. मोठी खोली पाह्यली. तू बी चाल आई. एकटी कायले राहतं इथं?"

लहान लेकरांना जाळत नाहीत, म्हणून श्रुतिकाला घरामागच्या बांधाशी पुरलं होतं. रोज सकाळी मैनाबाई तिथं जाऊन बसायची. तिचं हे रोजचं बसणं हेमराजला ठाऊक नव्हतं.

"बाळाजवळ तुमी दोघं राहान," ती म्हणाली. "श्रुतिकाजवळ कोण हाय? मी आली तं पोरगी एकटी पडते."