आयुध आणि खेळणं

माझ्या सासूबाई मालनबाई बॉलिंग खेळतात, हे सांगितलं की इंदिरानगरच्या बायका आधी हसतात आणि मग वेळ विचारून बघायला येतात.

आयुष्याची चाळीस वर्षं त्यांनी निफाडला द्राक्षबागेत काढली. सासरे गेल्यावर आम्ही त्यांना इकडे आणलं. फ्लॅटमध्ये हातांना काम नाही, म्हणून दिवसभर गॅलरीत बसायच्या आणि संध्याकाळी विचारायच्या, "मला निफाडला कधी सोडता?" मला त्या इथे हव्या होत्या. लोक काहीही म्हणोत, मला सासूचा लळा आहे.

आमच्या घरात व्हिडिओ गेमचे दोन पक्ष. माझ्या नवऱ्याचा, रविराजचा, प्लेस्टेशन आणि लेकीचा, वेदिकाचा, निन्टेन्डो. जगभर या दोन्हींचे भक्त कोण श्रेष्ठ यावरून भांडतात, आमच्याकडे एकाच टीव्हीवरून. एका दुपारी वेदिकाने आजीच्या हातात आपला छोटासा कंट्रोलर दिला. हात मागे न्यायचा, पुढे आणायचा, की पडद्यावर बॉल पिनांच्या दिशेने सुटतो. आठवड्याभरात सासूबाई दहाच्या दहा पिना पाडू लागल्या आणि निफाडचं नाव निघेनासं झालं.

मग रविराजने तोंड उघडलं. "आई, हा काही गेम नाही. हात हलवायचं खेळणं आहे. सिरियस माणसं असलं खेळत नाहीत." ऑफिसात चार माणसांत गप्प बसणारा हा माणूस घरी गेमिंगवर प्रवचन देतो. सासूबाईंनी मुकाट्याने कंट्रोलर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी निफाडला धाकट्या लेकाला, किशोरभाऊजींना, फोन केला. "दसरा झाला का घ्यायला ये. छाटणीला येते मी." मला रविराजचा असा राग आला, की दोन दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले.

दसऱ्याला सासूबाईंनी पाटावर आयुधं मांडली. विळी, त्यांची छाटणीची कात्री, माझा लॅपटॉप आणि रविराजचे दोन्ही कंट्रोलर. वेदिकाने आपलाही आणून ठेवला, तर त्यांनी तो बाजूला केला. "ते खेळणं हाय बाई. आयुध तुझ्या बापाचं." मग ट्रॅक्टरला लावतात तसं ओलं हळदकुंकू सढळ हाताने लावलं आणि झेंडू वाहिला.

दुपारी चारला रविराजची ऑनलाइन फुटबॉलची सेमीफायनल होती. महिनाभर तयारी चालली होती. सामना सुरू झाला आणि त्याचा खेळाडू बॉल सोडून कोपऱ्यातल्या झेंड्याकडे धावत सुटला. कंट्रोलरच्या दांडीखाली कुंकू उतरलं होतं. त्याने दुसरा घेतला, तर त्याची दाबलेली बटणं वर येईनात. सहा गोल खाऊन तो हरला. खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या होत होत्या.

सासूबाईंचा चेहरा मात्र पार उतरला. "माझ्यानं तुझं लय नुकसान झालं, रवी. उद्या सकाळीच जाते मी."

रविराज आपल्या लाल झालेल्या बोटांकडे बघत बसला. मग हळूच म्हणाला, "मी खेळणं म्हणालो, म्हणून तू तुझा कंट्रोलर पुजला नाहीस ना?" त्याने वेदिकाचा कंट्रोलर उचलला. "चल, एक डाव खेळू."

एकाचे चार डाव झाले आणि तो चारही हरला. सिरियस माणसाचा बॉल एकदाही सरळ गेला नाही. शेवटी त्याने खेळ थांबवला. "आई, तू मनगट कसं वळवतेस? दाखव ना."

"खांद्यानं नको फेकू," म्हणत त्यांनी मागून त्याचा हात धरला. "द्राक्षाचा घड औषधाच्या कपात बुडवून काढतो ना, तसं. घडाला धक्का नाय लागला पाह्यजे." तो पुन्हा चुकला. त्यांनी पुन्हा हात धरला.

तेवढ्यात उद्या किती वाजता येऊ, हे विचारायला किशोरभाऊजींचा फोन आला. सासूबाईंनी एका हाताने तो कानाला लावला. दुसऱ्या हातातलं रविराजचं मनगट काही सोडलं नाही.

"यंदाची छाटणी तुम्हीच उरका," त्या म्हणाल्या. "हितं रवीला काहीच येत नाय. शिकवायला येळ लागंल."