मिलिंदनं बांधलेली गाठोडी

मिलिंद गाडीतच गेला, हा फोन आला तेव्हा मी अकोला स्टेशनवर त्यालाच घ्यायला उभा होतो. बडनेऱ्याला धडधाकट चढलेला माणूस, मूर्तिजापूरला लोकांनी उचलून उतरवला... आणि त्याची लॅपटॉपची बॅग गाडीबरोबर पुढे निघून गेली. ती अजून सापडलेली नाही. मित्र गेला आणि हा बॅगेचं काय घेऊन बसला, असं वाटेल तुम्हाला. वाटू द्या. बॅग ज्याच्याकडे असेल त्यानं तेवढं शेवटपर्यंत वाचावं.

आम्ही अमरावतीला एका बाकावर शिकलो. पुढे मी अकोल्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, तो प्रोग्राम लिहू लागला. इथल्या एका लहानशा दवाखान्यात सिकलसेलची लेकरं रक्त चढवायला येतात. कोणत्या लेकराला कोणतं रक्त सोसलं नाही, ती नोंद मिलिंदच्या प्रोग्राममध्ये. मशीन जुनं, जागा कमी. म्हणून तो माहिती आकड्यांत आवळून तिची गाठोडी बांधायचा. कोणता आकडा कशाचा, हे सांगणारी फाईल वेगळी. तिला तो नकाशा म्हणायचा. नकाशात चूक सापडली की जुना तिथल्या तिथे पुसून टाकायचा.

"एखादी प्रत तं ठेव नं बे," मी म्हणायचो.

"जुना ठेवला तं कोनीतरी त्याच्यावरच चालते. मंग लेकराले भलतंच रक्त चढलं तं?"

शेवटच्या खेपेलाही पुसून गेला. नवा त्याच बॅगेत घेऊन येत होता. इतकी काळजी घेणाऱ्या माणसाचा आज मला संताप येतो, अगदी खरं सांगतो.

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि काही दिवसांतच दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. त्या लेकरांपैकीच चांदूर रेल्वेची आरोही आली होती, रक्त पार उतरलेलं. "जुना त्रास नव्या तपासणीत दरवेळी दिसतोच असं नाही हो. नोंद पाहिजेच," त्या म्हणाल्या. जुन्या मशीनला हात लावायची माझी छाती होईना. गाठोड्यांची नक्कल माझ्या लॅपटॉपवर घेतली. ती सोडणारी लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्राम, होती, पण तिला पायथन भाषेतून वापरायला मिलिंदनं लिहिलेला रॅपर, मधला जोडतुकडा, काही केल्या बसेना. पायथन नवा, रॅपर जुना. कम्पायलर टाकला तर आवृत्ती जुळेना. लाल अक्षरांच्या ओळींवर ओळी. शेवटी एकदाचा बसला आणि मी ओरडलोच, "झालं!"

कसलं झालं! गाठोडं सुटलं, आरोहीचं नाव दिसलं आणि पुढे नुसते आकडे. त्यातला कोणता तिच्या जिवावरचा? अरे मिलिंद, कोणाला विचारू?

हे लिहितोय तोवर तिला रक्त चढलेलं नाही. नमुना नागपूरला पाठवलाय. डॉक्टरीणबाई वाट पाहून राहिल्या आहेत, आणि पोरगी धापा टाकते आहे.

गाठोडं सुटलं त्या दिवशी आरोहीची आई माझ्या पाठीशीच उभी होती. मिलिंद गेल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटची आशा म्हणून मी मिलिंदच्याच प्रोग्रामला नोंद वाचायचा हुकूम देऊन पाहिला. पडद्यावर अक्षरं उमटली. त्यानंच लिहून ठेवलेली, त्याच्याच बोलीत.

"काय लिवलं हाय जी?" तिनं विचारलं.

मी वाचून दाखवलं, "नकाशा सापडून नाही राहिला. अंदाजपंचे काही करू नको बे. मले फोन लाव."

"मंग लावा नं फोन," ती म्हणाली.