डाव्या चाकापाशी वाकलेला माणूस

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून गुपचूप वाचत आलेय... आणि खरं सांगायचं तर वाचता वाचता मनातल्या मनात त्यांची चिरफाडही करत आलेय. मी भंडाऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. "मॅडम, भूत असते का?" असं मुलांनी विचारलं की "तुम्ही पाहिलं का? कोणी मोजलं का?" असं मी त्यांनाच उलट विचारते. अंगात येणं, करणी, उतारा... ह्यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आजही मानते असं म्हणवत नाही. पण जे झालं ते सकाळच्या लख्ख उन्हात, माझ्या डोळ्यांसमोर झालं. म्हणून जसं झालं तसंच लिहिते.

माझे मिस्टर सुधीर यांना जुन्या गाड्यांचं फार वेड. गोसीखुर्द धरणात गेलेल्या गावांची पुढे जिथे नवीन वस्ती झाली, तिकडच्या एका म्हाताऱ्याकडून त्यांनी एक जुनी फोर-व्हील जीप आणली. आणली म्हणजे ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली. टपाला भोकं, सीटमध्ये उंदरांची घरटी, इंजिन जाम. मी कपाळाला हात लावला. ते म्हणाले, "तू पाहतच राहा. हिच्यातच स्वयंपाक, हिच्यातच झोपणं. नवेगाव, नागझिरा, पचमढी... कुठंही जायचं आणि जिथं आवडलं तिथं थांबायचं."

इंजिन उतरवून झालं, आणि त्याच उन्हाळ्यात ब्रेन हॅमरेजनं ते गेले. काही बोलायलाही वेळ मिळाला नाही.

जीप शेडमध्ये तशीच पडून राहिली. नातेवाईक म्हणाले, भंगारात देऊन टाका, बघून त्रास होतो. माझ्या सासूबाई — आम्ही त्यांना आई म्हणतो — एरवी कधी आवाज चढवत नाहीत. पण त्या दिवशी म्हणाल्या, "माह्या पोराची गाडी आहे ते. तिले कोणी हात नाई लावाचा." आणि रोज दुपारी शेडमध्ये खुर्ची टाकून त्या गाडीकडे बघत बसायला लागल्या. जेवण कमी झालं, बोलणं तर जवळजवळ बंदच. मला त्यांचीच काळजी वाटायला लागली.

माझे धाकटे दीर, नीलेश भाऊजी, तुमसरला विजेच्या मोटारी रिवाइंड करून द्यायचं दुकान चालवतात. एका रविवारी ते आले, आईंकडे बघितलं आणि मला म्हणाले, "वहिनी, आपणच बनवून टाकू हे गाडी. नाहीतर आई अशीच बसून बसून जाईल."

मग आम्ही लागलो कामाला. इंजिन आणि गिअरबॉक्सचं काम दिलीप मिस्त्रींनी केलं, बाकीचं आम्ही. पत्र्याचा गंज काढणं, भोकांवर तुकडे वेल्ड करून घेणं, प्रायमर मारणं. मी ग्राइंडर चालवायला शिकले. ब्रेकचे लायनर बदलायला शिकले. एका संध्याकाळी हातपाय धुताना लक्षात आलं की आज आपण दिवसभरात एकदाही रडलो नाही... तेव्हा त्या गाडीबद्दल मला पहिल्यांदा माया वाटली.

टपावर कॅरिअर बसवलं. मागे सागवानाचा खोका करून घेतला, उघडला की त्याचाच ओटा होतो. बाजूला ताडपत्री गुंडाळून ठेवली, ओढली की मांडव तयार. दिव्यांसाठी वेगळी बॅटरी. पाण्यासाठी मी प्लास्टिकची टाकी आणली होती, पण आई म्हणाल्या, भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचं गाव, आणि इथले लोक प्लास्टिकमधलं पाणी पिणार? मग पाणी भरायचा त्यांचा मोठा पितळेचा गुंड आला, आणि तो ठेवायला भाऊजींनी लोखंडी कडं वेल्ड करून दिलं. आई बोलायला लागल्या होत्या, म्हणून आम्ही कशालाच नाही म्हणत नव्हतो.

एकच काम राहिलं. अशा जुन्या गाडीत पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध हातानं फिरवायची एक चकती असते, तिला हब म्हणतात. 'फ्री'वर असली की गाडी फक्त मागच्या चाकांवर चालते. खाली उतरून दोन्ही चकत्या 'लॉक'वर फिरवल्या, मगच पुढच्या चाकांना जोर मिळतो. एकच फिरवून उपयोग नसतो. आमची उजवीकडची चकती फिरत होती. डावी 'फ्री'वर जाम होती. मिस्त्रींनी तेल सोडलं, गॅसनं तापवली, पान्याला पाइप लावून जोर केला. ढिम्म नाही. शेवटी म्हणाले, "मॅडम, हे आता तोडाच लागते. दुसरी भेटल्यावरच तोडू. तोवर हे फोर-व्हील नाई, टू-व्हीलच समजा." नागपुरात विचारून ठेवलं, पण तसा जुना माल मिळेना.

दसरा होऊन गेला होता. हलकं, म्हणजे लवकर पिकणारं, धान कापणीला आलं होतं. भाऊजी म्हणाले, जवळच जाऊन येऊ, सपाट जागा आहे, फोर-व्हील कायले लागते? बपेऱ्याच्या अलीकडे त्यांच्या ओळखीच्या माणसाचं शेत होतं. तिथून एक पांदणरस्ता बावनथडी नदीकडे उतरतो. मध्ये एक रेतीचा नाला लागतो, आणि तो ओलांडला की उंचावर मोहाच्या झाडांखाली छान मोकळी जागा. आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना काठीशिवाय चालता येत नाही. तरी त्या म्हणाल्या, "पयली खेप आहे. मी येतो."

जाताना नाल्यात पाण्याची नुसती बारीक धार होती. गाडी आरामात पार झाली. रात्र छान गेली, त्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही. सकाळी चहा झाला, सामान भरलं आणि परत निघालो.

नाल्यापाशी आलो तर पाणी थोडं वाढलेलं आणि गढूळ. आमच्याकडे आभाळ स्वच्छ होतं, पण वर मध्य प्रदेशात कुठेतरी पाऊस झाला असावा. भाऊजी आधी चालत पलीकडे जाऊन आले. पाणी घोट्यापर्यंतच होतं. "येऊ द्या वहिनी, काही नाई."

मी गाडी घातली. बरोबर मधोमध मागची चाकं बसली. रेती आतून भुसभुशीत झाली होती. जितकी रेस द्यावी तितकी गाडी खाली जायची. भाऊजींनी चाकांखाली दगड टाकले, फांद्या टाकल्या. सगळं गिळलं रेतीनं. ह्या खटपटीत पाणी कधी वाढलं ते कळलंच नाही. खाली बघितलं तर ते पायरीला लागलं होतं, आणि दोन्हीकडून येत होतं — वरून नाल्याचं आणि खालून नदीचं फुगलेलं.

भाऊजी आईंच्या बाजूला आले. "आई, चाल. मी पाठीवर घेतो तुले."

आई माझ्या शेजारी दांडा धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी नाई उतरत."

"आई, पाणी वाढून रायलं! पाहून नाई राहिली काय तू?"

"पाहून रायलो. पण सुधीरची गाडी पाण्यात सोडून मी नाई येत. तुमी दोघं जा."

त्या हे अगदी शांतपणे बोलल्या. मला तेव्हा कळलं की त्या हट्ट करत नव्हत्या. त्यांना खरंच तिथेच बसायचं होतं.

भाऊजी रडकुंडीला आले. मला म्हणाले, "वहिनी, एकदा शेवटचा धक्का मारतो. नाई निघाली तर हिले उचलूनच नेतो, मग आई काही म्हणो." आणि ते मागे गेले. आईंनी डोळे मिटले, ओठ हलत होते.

मी क्लच दाबून बसले होते. तेवढ्यात पुढे, डाव्या चाकापाशी, कोणीतरी वाकलेलं दिसलं. बॉनेटच्या पलीकडे पाठ आणि डोक्याचा मागचा भाग. मळकट सदरा, ओला होऊन पाठीला चिकटलेला. केस बारीक कापलेले. खांदे जोर लावताना हलतात तसे हलत होते. मला वाटलं, भाऊजी पुढे आले आणि चकतीशी झटतायत. मग 'खट्' असा आवाज आला. इंजिनच्या आवाजातही स्पष्ट ऐकला मी तो. आणि एक हात वर आला — पंजा उघडा, पुढे नेत... घ्या, चला.

मी काही विचार केला नाही. गिअरशेजारचा फोर-व्हीलचा दांडा ओढला आणि हळूच क्लच सोडला. पुढच्या चाकांनी रेती धरलेली मला स्टिअरिंगमध्ये जाणवली. गाडी एकदा थरथरली, वर आली, आणि पाणी कापत सरळ पलीकडच्या चढावर जाऊन उभी राहिली.

मी आरशात पाहिलं. भाऊजी मागे, नाल्याच्या मधोमध, तोंडावर पडलेले उठत होते. गाडी अचानक निघाली म्हणून ते पालथे पडले होते. नखशिखांत चिखल. अंगात पिवळा टी-शर्ट.

पिवळा टी-शर्ट...

मी उतरून पुढे गेले. डावी चकती 'लॉक'वर होती. उजवी पाहिली. तीही 'लॉक'वर. उजवी आम्ही फिरवलीच नव्हती, कारण एकटीचा उपयोग नसतो.

भाऊजी धापा टाकत आले. मी विचारलं, "तुम्ही पुढे आले होते ना? हात दाखवला ना?"

"मी कायले पुढे येऊ वहिनी? मी तर मागूनच ढकलून राहिलो होतो."

मी चकती दाखवली. ते खाली बसले.

आमचा आरडाओरडा ऐकून बाजूच्या बांधीतून, म्हणजे धानाच्या खाचरातून, कापणी करणारी एक बाई विळा घेऊन धावत आली होती. मी तिला विचारलं, "आमच्या गाडीपाशी पुढे कोण होतं हो? कुठे गेले ते?"

ती म्हणाली, "कोण जी? एकच तं माणूस होता, हा. मागं."

मी काठावर उभी राहून ओरडले, "कोण आहे जी? कोण होतं?" पलीकडे मोहाची झाडं, अलीकडे बांध्या. लपायला जागा नाही, आणि लपायचं कारणही नाही. थोड्या वेळानं नाल्यातलं पाणी इतकं वाढलं की गाडी तिथे असती तर तिचं टपच दिसलं असतं.

भंडाऱ्याला आल्यावर दिलीप मिस्त्री आधी चिडलेच. "दुसऱ्या मिस्त्रीकडं नेली होती काय मॅडम?" मग त्यांनी चकती फिरवून पाहिली. 'लॉक'वर जाम. पुन्हा तेल, पुन्हा गॅस, पुन्हा पाइप. ढिम्म नाही. म्हणाले, हिसका बसून सरकली असेल. असेलही. पण मग उजवी? आणि तो माणूस? घाबरल्यावर डोळ्यांना नसलेलं दिसतं, हे मीच मुलांना शिकवते. पण मी घाबरून काहीही बघितलं असलं, तरी लोखंड तर घाबरत नाही ना.

सुधीरनी ज्यांच्याकडून जीप घेतली होती त्या म्हाताऱ्याकडेही आम्ही जाऊन आलो. मला वाटलं होतं, काहीतरी गोष्ट निघेल — ह्या गाडीत कोणी गेलं असेल, कोणी ड्रायव्हर असेल. काही निघालं नाही. म्हातारे ठणठणीत होते. म्हणाले, "साधी गाडी होती जी. धानाचे पोते वाहत होतो, बस. तिच्यात कोणी मेलं-बिलं नाई." चहा पाजला आणि वाटेला लावलं.

आता खरी गोष्ट. आईंनी त्या सकाळी काही पाहिलं नाही, त्यांचे डोळे मिटलेले होते. पण माझं आणि भाऊजींचं बोलणं त्यांनी ऐकलं. रात्री भाकर मागून घेतली, पोटभर जेवल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून शेडमधली खुर्ची त्यांनी अंगणात आणली. येईल त्याला सांगतात, "माहा सुधीर आला होता. त्यानंच काढली गाडी."

एका दुपारी मी वह्या तपासत होते. त्या जवळ येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "वैशाली, तुले तं दिसला. कसा दिसत होता गं? बरा होता ना?"

मंडळी, तो सुधीर नव्हता. मी त्यांची बायको आहे. त्यांचा हात लांब बोटांचा, हाडकुळा, खडूसारखा. वर आलेला तो हात रुंद होता, उन्हानं काळा पडलेला, जाड बोटांचा. वयस्कर माणसाचा हात. मी तो आयुष्यात कधी पाहिलेला नाही. तो सुधीरचा असावा असं माझ्याइतकं कोणाला वाटलं असतं? पण नव्हता.

मी आईंना म्हटलं, "हो आई. बरे होते."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

कोण होता तो, मला माहीत नाही. आमचा कोणी नव्हता. वाढत्या पाण्यात उभा राहिला, जे कोणाकडून झालं नाही ते त्यानं केलं, आणि त्याचं तोंडही मी पाहिलं नाही. आमच्या घरात आता त्याला सुधीर म्हणतात. त्याला ते चालत असेल का... हेही मला माहीत नाही.