आठही कार्डांना विचारायचं

परवा डोंबिवलीतल्या एका कॉलेजच्या सभागृहातला जुना स्विचर काढायला गेलेलो. स्विचर म्हणजे कुठल्या लॅपटॉपचं, कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र कुठल्या पडद्यावर जाईल ते ठरवणारा डबा. बारा वर्षांपूर्वी तो मीच बसवलेला, काकांच्या हाताखाली. काका म्हणजे आमच्या ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या ऑफिसातले सगळ्यात जुने इंजिनियर. आता निवृत्त झालेत, खोपटला घरीच असतात.

काढण्याआधी फर्मवेअरचं, म्हणजे डब्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, व्हर्जन लिहून घ्यायचं असतं. हल्लीची मशिनं माऊसने सगळं दाखवतात. या म्हाताऱ्याला ते थेर चालत नाहीत. लॅपटॉपला नेटवर्कची वायर लावायची, काळ्या खिडकीत एक अक्षर टाईप करून एंटर मारायचा, की तो आकडा सांगतो. काका याला 'विचारणं' म्हणायचे. "अरे, हात लावायच्या आधी त्याला विचार तरी!" एकाने आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने वहीत लिहायचा, हा त्यांचा नियम. मला हसू यायचं. चोवीस वर्षांचा होतो, शहाणपणा नुसता उतू चाललेला.

हा डबा बसवला त्या दिवशी संध्याकाळी सहाला इथे पदवीदान होतं. आणि सहालाच ठाण्यात काकांच्या मुलीचा स्टेजवरचा पहिला नाच. काका चारला निघणार होते, इस्त्रीचा शर्ट घालूनच आलेले. तीनला ते चहाला खाली गेले आणि मी एकट्याने, हुशारी दाखवायला, नवं फर्मवेअर चढवलं. त्याआधी मुख्य डब्याला विचारलेलं हो! पण आत सर्किटची आठ कार्डं असतात, प्रत्येकाचं व्हर्जन वेगळं, प्रत्येकाला त्याच्या नंबराने वेगळं विचारावं लागतं. काकांनी शंभरदा सांगितलेलं. मी एकालाही विचारलं नाही. डबा नवा, कार्डं जुनी, त्यांचं एकमेकांशी पटेचना. सगळे पडदे काळेठिक्कर.

काका वर आले, पडद्यांकडे बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बूट काढले, डब्याच्या रॅकसमोर मांडी घातली आणि म्हणाले, "वही घे." एकेका कार्डाला विचारत गेले, मी लिहीत गेलो. पावणेसहाला पडदे लागले. प्राचार्य तणतणत आले तेव्हा काका म्हणाले, "चूक आमची." 'याची' नाही, 'आमची'. सात वाजता त्यांचा फोन वाजला, नाच संपलेला. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर म्हणाले, "वही बॅगेत टाक."

मग ते राहूनच गेलं. पुढे नऊ वर्षं एका टेबलावर डबे खाल्ले, माजिवड्याच्या जंक्शनला त्यांच्या स्कूटरवर मागे बसून तासन्‌तास अडकलो, पण तो शब्द काही तोंडातून निघाला नाही. काय सोन्यासारखे दिवस होते ते, आणि मी हा काटा घेऊन फिरत होतो.

परवा रिकाम्या सभागृहात एकेका कार्डाला विचारलं, सवयीने आकडे मोठ्याने वाचले. लिहायला कोणी नव्हतं. आठव्याचा आकडाही मीच वहीत उतरवला. डबा बंद केला की संपलंच, असं वाटलं. तिथूनच काकांना फोन लावला आणि एका दमात म्हणून टाकलं, "काका, त्या दिवसाबद्दल सॉरी. माझ्यामुळे तुमचा नाच बघायचा राहिला."

"बारा वर्षं लागली होय रे तुला?" काका हसले. मला इतकं हलकं वाटलं! मग म्हणाले, "पण तू परत मुख्य डब्यालाच विचारून मोकळा झालास. नाच माझा होता का? थांब, ती इथेच आहे."

फोन हातातून हातात गेला. बारा वर्षांत ती माझ्या डोक्यात एकदाही आली नव्हती.

"बोल दादा," ती म्हणाली. मी सगळं सांगितलं.

"पहिल्या रांगेत बाबांची खुर्ची धरून ठेवलेली मी," ती म्हणाली. "नाचताना मी तिकडेच बघत होते."