इंजिनावर फोडलेला नारळ

समुद्रपुरात माझी स्पोर्ट्स कार बघायला लोकांना वाकावं लागतं. दोन दारं, दोन सीटा, छत जेमतेम माझ्या छातीपर्यंत, आणि जमीन इतकी जवळ की गतिरोधक आला की मी श्वास रोखून धरते. नागपूरच्या एका माणसाच्या पोर्चमध्ये ती कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. सुरूच होत नाही, असं तो म्हणाला, आणि मी तिथंच फसले. होत नाही म्हणजे का होत नाही? टेम्पोवर लादून घरी आणली तेव्हा आई म्हणाली, "हे डबडं काऊन आणलं वं?" म्हटलं, उघडून पाहायला. तहसील कचेरीत दिवसभर माणसं मला अर्धवट सांगतात आणि मी ऐकून घेते. इंजिन असं करत नाही. नीट विचारलं तर ते सांगतं.

नीट विचारायला मला एक उन्हाळा लागला. व्हिडिओ बघितले, हात कापून घेतले, आईच्या अंगणात तेल सांडून बोलणी खाल्ली, पण गाडी सुरू झाली. त्या दिवसापासून बाबा तिच्याभोवती घुटमळायला लागले.

बाबांची सगळी नोकरी लाल बस चालवण्यात गेली. घरात त्यांना शब्द सुचत नाही, स्टिअरिंगमागं बसले की सुचतो. निवृत्तीनंतर डोळ्यात काचबिंदू निघाला. डॉक्टरनं सांगितलं, समोरचं दिसेल, पण बाजूची नजर चालली आहे, आता गाडी चालवणं बंद. बाबांनी मान डोलावली. परतताना बसमध्ये मात्र हळूच म्हणाले, "एकडाव तुई गाडी मले चालवू दे. मंग चाबीले हात नाई लावत." बाबांनी माझ्याकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी हो म्हणून टाकलं आणि रात्रभर स्वतःला शिव्या दिल्या.

रस्त्यावर तर शक्यच नव्हतं. मग मला जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या गिरणीचं, आवार सुचलं. कापूस यायच्या आधी ते मैदान अगदी मोकळं असतं, चारी बाजूंनी भिंत, आत माणूस नाही का जनावर नाही. मालक ओळखीचे. म्हणाले, "घ्या ना फिरवून. पण खरेदीचा मुहूर्त झाला की गाड्यांची रांग लागते, मंग माह्यापाशी जागा नाई." पावसाचा चिखल दसऱ्यापर्यंत वाळत नाही, म्हणजे दसरा ते मुहूर्त एवढाच वेळ. पुढच्या हंगामापर्यंत बाबांची नजर थांबणार होती थोडीच.

दसरा झाला, मी गाडी बाहेर काढली, आणि कोपऱ्यापर्यंत जाते न जाते तोच तिला हुडहुडी भरली. सगळं अंग थरथरायला लागलं, जोर नाही, मागून फटफट आवाज. गॅरेजवाले याला मिसिंग म्हणतात: चार सिलिंडरांपैकी एकानं काम सोडलेलं असतं आणि बाकीचे तिघं त्याचं ओझं ओढत असतात.

"एअर घेतली असन," बाबा म्हणाले.

"बाबा, नळीत एअर डिझेलची बस घेते. ही पेट्रोलची आहे."

"मंग कचरा आला असन."

कचरा नव्हता. पेट्रोलचा फिल्टर बदलला, हवेचा साफ केला, वायरी हलवून बघितल्या. गाडी आपली थरथरतच होती. हायवेवरच्या गॅरेजमध्ये नेली तर तिथला मिस्त्री दोन पावलं मागं सरला आणि म्हणाला, हिला हात लावायची त्याची छाती होत नाही. मला राग आला, पण त्याचं खरं होतं. मग मी जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन बॉनेटखाली डोकं घालायला लागले. कचेरीत माझ्या बोटांना पेट्रोलचा वास येतो म्हणून कुजबुज सुरू झाली. होऊ दे म्हटलं.

खरं तर काय बिघडलं ते शोधण्याची एक सोपी रीत आहे आणि ती मला आधी सुचायला हवी होती. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर एक कॉइल असते, ती आत ठिणगीला वीज देते. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका कॉइलची वायर काढून बघायची. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी लंगडतं. ज्याची काढूनही काही फरक पडत नाही, तो कामचुकार. बाबा आत बसून इंजिन चालू ठेवत होते, मी वायरी काढत होते. पहिल्याची काढली, गाडी लंगडली. दुसऱ्याची काढली, लंगडली. तिसऱ्याची काढली आणि काहीच झालं नाही.

"सापडला," मी ओरडले.

इंजिन थंड होईपर्यंत मला दम निघेना. तिसरी कॉइल वर ओढली तर रबराच्या टोकाला काहीतरी चिकट, तपकिरी लागलेलं. तेल म्हणावं तर तेल नाही. वास घेतला. आंबूस, गोडसर. टॉर्च आत टाकला. ठिणगी पाडणारा प्लग जिथं बसतो ती जागा अरुंद विहिरीसारखी खोल असते. तिच्या तळाशी तोच चिकट रस साचलेला होता. इंजिनात गोड रस येतो कुठून? पेट्रोल गोड नसतं, इंजिन गार ठेवणारं कूलंट असं आंबत नाही. इतक्या व्हिडिओंत कुणीही असला बिघाड दाखवला नव्हता.

मी ते बोट बाबांसमोर धरलं. त्यांनी हुंगलं आणि नजर दुसरीकडं वळवली.

"बाबा?"

"नारळाचं पाणी आहे ते."

दसऱ्याला मी सकाळीच मैत्रिणीकडं हिंगणघाटला गेले होते. मागं बाबांनी गाडी धुतली, झेंडूचा हार घातला आणि नारळ घेतला. डेपोत दर दसऱ्याला ते बसच्या बंपरवर नारळ फोडायचे. "लाल बसले पुढं लोखंड राहते," ते सांगायला लागले, "तुया गाडीले पुढून सारं प्लास्टिक. प्लास्टिकवर नारळ फोडतेत का कोणी? मंग बॉनेट उघडून पायलं, त आत हा दांडा दिसला. म्हटलं, लोखंड सापडलं."

तो दांडा दोन्ही चाकांच्या वरच्या टोकांना जोडलेला असतो, वळणावर गाडीचं अंग मुरडू नये म्हणून. स्पोर्ट्स कार बनवणाऱ्यांनी काय काय विचार केला असेल तो केला असेल, पण त्यावर कुणी नारळ फोडेल हे त्यांच्या डोक्यात आलं नसणार. आणि दांड्याच्या बरोब्बर खाली तिसरा सिलिंडर. कॉइलचं रबर जुनं, फटीतून पाणी आत. साधं पाणी उष्णतेनं वाळून गेलं असतं. नारळाचं पाणी आटलं, चिकट झालं आणि ठिणगीला मधल्या मध्ये पळवाट मिळाली.

"मग मला सांगितलं का नाही, बाबा?"

"तू इचारलं कुठं?"

मी आधी भडकले, मग हसत सुटले, इतकी की आई बाहेर आली. बाबा मात्र हसले नाहीत. "माह्याच हातानं दिवस घालवले ना मी," ते म्हणाले.

सिरिंजला सलाइनची नळी लावून मी तो रस ओढून काढला. आधी प्लग काढला असता तर सगळं सिलिंडरमध्ये गेलं असतं. मग जागा पुसून कोरडी केली. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर काळी रेघ उमटली होती, म्हणजे तो गेला. नवा प्लग नागपूरहून बसच्या कंडक्टरच्या हाती मागवला. तेवढ्यात जिनिंगवाल्यांचा फोन: सोमवारी मुहूर्त. प्लग रविवारी सकाळच्या बसनं आला. बसवला, चाबी फिरवली, आणि गाडी एका सुरात चालू झाली. बाबांनी बॉनेटवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

दुपारी आम्ही आवारात होतो. बाबा उजवीकडं बसले, मी डावीकडं. इतकं खाली बसायची सवय नाही म्हणून आधी कुरकुरले, मग गियर टाकला आणि कुरकुर विसरले. काय चालवली त्यांनी. क्लच सोडला ते मला कळलंसुद्धा नाही. पहिली फेरी, दुसरी फेरी, ते मनातल्या मनात हसत होते. मग डावीकडं वळायला लागले. तिथं उद्याच्या मुहूर्तासाठी आणून ठेवलेली कापसाची लोखंडी ट्रॉली उभी होती आणि ती माझ्या खिडकीकडं यायला लागली.

"बाबा, ट्रॉली."

"कुठी?"

"डावीकडं. थांबा, बाबा."

त्यांनी ब्रेक दाबला. ट्रॉली माझ्यापासून जेमतेम दोन हात अंतरावर होती. त्यांनी पूर्ण मान वळवली तेव्हा कुठं त्यांना ती दिसली.

"अंधार दिसतो का तिथं?" मी विचारलं. किती दिवस विचारायचं होतं, हिंमत होत नव्हती.

"अंधार नाई वं. अंधार असता त समजलं असतं. तिथं काईच नोतं. मोकळं मैदान होतं."

बाबांनी गियर न्यूट्रलला घेतला, हँडब्रेक ओढला आणि उतरले. गाडीच्या पुढून फिरून माझ्या दारापाशी आले. "सरक तिकडं." मला रडू यायला लागलं होतं; गियरवरून पाय टाकून मी स्टिअरिंगमागं सरकले. ते माझ्या जागेवर बसले, पट्टा लावला.

"चाल, घे. आता तू चालव."

मी गाडी मागं घेतली आणि वळवली. ते सरळ समोर बघत होते.

"गेली का ट्रॉली?"

"गेली, बाबा."

"मंग जोरात घे ना. भेते काऊन?"