कुंडलिकने शेवग्याला मिठी मारली

गोरेगाव पूर्वेच्या एका बैठ्या चाळीत कुंडलिक गायकवाड राहत असे आणि जगाचं कल्याण हा त्याचा घरगुती उद्योग होता. पोटासाठी तो पार्ल्याच्या एका वाचनालयात शिपाई होता. तिथली मासिकं वाचकांच्या हाती पडण्याआधी तो वाचून काढी. बाकीचे खून आणि दरोडे वाचत. हा पानाच्या कोपऱ्यातल्या चांगल्या बातम्या हुडकी. कुठे लोकांनी मिळून नदी साफ केली, कुठे बायकांनी उजाड माळावर जंगल उभं केलं, सगळं त्याला पाठ. संध्याकाळी घरी आला की चपला काढायच्या आत तो सगळा माल चाळीत ओतून मोकळा होई. ऐकणारे मात्र ऐन रंगात आल्यावर उठून जात. कोणाची डाळ लागलेली असे, कोणाच्या नळाला पाणी आलेलं असे.

नुसतं सांगून थांबला असता तरी चाललं असतं. पण हॉलंडात म्हणे काही तरुणांनी सायकली रस्त्यावर ठेवल्या, ज्याला हवी त्याने न्यावी. कुंडलिकने दुसऱ्याच दिवशी आपली सायकल नाक्यावर ठेवली आणि वर 'कोणीही न्या' अशी पाटी लावली. कोणीतरी नेली.

"बघ, चालते की नाही योजना!" तो बायकोला म्हणाला.

"पाटीपण नेली," सुंदराबाई म्हणाली आणि आत गेली.

त्या वर्षी चाळीत पहिला टीव्ही आला. आणला चंद्रप्रकाश पेडणेकरने. त्याच्या पत्र्यावर अँटेना चढली त्या दिवशी त्याची आई सुगंधाआजी येणाऱ्या-जाणाऱ्याला वर बोट करून दाखवत होती, जणू घरावर कळसच चढला. पण रविवारचा सिनेमा लागला की पडद्यावर मुंग्या. हिरो दिसेना, हिरॉइन दोन-दोन दिसायच्या. कारण अँटेनाचं तोंड वरळीच्या टीव्ही टॉवरकडे आणि मधोमध उभा शेवगा.

हा शेवगा कुंडलिकने लावलेला. चाळीत आला त्या साली फांदी रोवली होती, ती वेडीवाकडी वाढत पत्र्याच्या वर गेली. सगळी चाळ त्याच्या शेंगा आमटीत घालून खायची, आणि खाताना 'शेवगा दारात असला की भांडणं होतात' असंही म्हणायची.

"कुंडलिक, झाड तोडतोय हां," चंद्रप्रकाशने सांगून टाकलं. "रविवारी दादू लाकूडतोड्या कुऱ्हाड घेऊन येतोय."

"अरे चंदू, अँटेना जरा दुसरीकडे लाव ना! माझ्या पत्र्यावर लाव. झाडाच्या पलीकडे आहे, काही आडवं येत नाही."

"येडा झालास काय? टीव्ही माझा आणि अँटेना तुझ्या घरावर? लोक काय म्हणतील?"

कुंडलिकला चार दिवस जेवण गेलं नाही. मग त्याला हिमालयातल्या बायका आठवल्या. झाडं तोडायला माणसं आली तेव्हा त्या झाडांना मिठ्या मारून उभ्या राहिल्या होत्या. ठरलं!

"अख्खी चाळ मिठी मारेल," तो सुंदराबाईला म्हणाला. "तू पहिली."

"अहो, लग्नाला इतकी वर्षं झाली, मला मारलीत का कधी? झाडाला कसली मारताय!"

रविवारी सकाळी अख्खी चाळ जमली ती बघायला. दादू कुऱ्हाड परजत होता. कुंडलिक धावत आला, "आधी मला तोडा!" अशी आरोळी ठोकली आणि डोळे मिटून बुंध्याला कडकडून मिठी मारली.

आता, आषाढात शेवग्याच्या बुंध्यावर केसाळ सुरवंटांची दाट चादर पसरलेली असते आणि ती हुबेहूब सालीसारखी दिसते, हे त्या चाळीतलं शेंबडं पोरही जाणत होतं. कुंडलिकही जाणत होता. पण जगाचा विचार करताना त्याला बुंधा दिसला नाही.

आधी मान खाजली. मग पोट. मग सगळं एकदमच. पण सोडायचं नाही! तो मिठी न सोडता थरथरू लागला, घुमू लागला, हूं हूं करू लागला.

"अगो बाय माझे! अंगात इला ह्याच्या!" सुगंधाआजी ओरडली आणि कुंकवाचा करंडा घेऊन धावली. "आये, काय चुकला आमचा? सांग गो!"

दादूने कुऱ्हाड खाली ठेवून हात जोडले. "देवीचं झाड आहे, शेट. आपण नाय हात लावणार."

कुंडलिकने एक डोळा उघडला. झाड वाचलं होतं. फक्त गप्प राहायचं आणि घुमायचं. पण कुंडलिक बुद्धविहाराच्या कमिटीवर होता. अंगात येणं, उतारे, नवस यांच्याविरुद्ध त्याने दर पौर्णिमेला भाषण ठोकलेलं. आजीचं कुंकू कपाळाजवळ आलं तशी त्याची सहनशक्ती संपली.

"आजी, कोणी आलेलं नाही अंगात!" तो रडवेला होऊन ओरडला. "सुरवंट आहेत सुरवंट! दादू, काय करायचंय ते कर बाबा!"

मिठी सोडून तो जमिनीवर लोळू लागला. आता शेवगा जाणार, असंच त्याला वाटलं.

"सुरवंट?" दादूने मान वर करून बघितलं. बुंधा वळवळत होता. "ओ पेडणेकर शेट, देवीला नारळ देऊन समजावता तरी आलं असतं. ह्यांना काय देऊ? आपण नाय चढत." आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकून तो चालता झाला.

सुंदराबाईने नवऱ्याला ओट्यावर बसवून, रुतलेले केस निघावेत म्हणून अंगावर घोंगडी रगडली. "हिमालयात नसतात वाटतं हे?" ती विचारत होती. दुसरा कोणी लाकूडतोड्या मिळेना. चंद्रप्रकाशने दोन रविवार मुंग्या पाहिल्या आणि तिसऱ्या रविवारी मुकाट्याने अँटेना कुंडलिकच्या पत्र्यावर चढवली. चित्र झकास आलं.

फक्त एक झालं. पत्र्यावरची अँटेना बघून रस्त्याने जाणारे-येणारे, पलीकडच्या चाळीतले, मुलुंडहून सुंदराबाईचा भाऊ बायकापोरांसकट, सगळे रविवारी संध्याकाळी कुंडलिककडेच येऊन बसू लागले. टीव्ही कुठे आहे हे विचारणं बरं दिसत नाही, म्हणून कोणी विचारत नसे. सुंदराबाई चहा टाकी. कुंडलिक भिंतीला टेकून बसे आणि सांगायला लागे, "तर केनिया म्हणून एक देश आहे, तिथल्या बायकांनी काय केलं..."

आणि पहिल्यांदाच, कोणीही मध्येच उठून जात नसे.